पान ४१३ ते ४३८

रास अल खैमा
९ फेब्रुवारी १९९७

आदरणीय साटविलकर सर,

वाकून नमस्कार लिहिला असता, पण ज्या खोलीत हे लिहितोय तिथे दोन बंकांच्या मधे वाकायला जागा नाही. तेव्हा बसल्या बसल्या हात जोडतो, तेवढं गोड मानून घ्या.

मी नागेश. नागेश भिकाजी गुरव, एकोणनव्वद सालची टी. वाय. बी. ए., इतिहास. मागच्या बाकावर खिडकीशी बसायचो आणि तुम्ही तास थांबवून विचारायचात, "गुरव, बाहेर कोणता देश दिसतो?" बाहेर तेव्हा कॅन्टीन दिसायचं. आता खरंच देश दिसतो, पण तोही बघण्यासारखा नाही. इथे आखातात सिमेंटच्या कारखान्यात गोण्या ट्रकवर चढवतो. पाच वर्षं झाली. सिमेंट नाकात जातं, जेवणात जातं, गादीत जातं. माझ्या पत्रातून थोडं तुमच्या टेबलावर सांडलं तर झटकून टाका.

पत्राचं कारण आपलं निळं पुस्तक. कापडी बांधणी, नऊशे पानं, दोन म्हाताऱ्या अमेरिकन प्रोफेसरांनी मिळून लिहिलेला त्यांच्या देशाचा अख्खा इतिहास. बाहेर बाजारात वीस अपेक्षित प्रश्नांचं गाईड मिळत होतं आणि तुम्ही मात्र एक इंग्रजी वाक्य वाचायचात, चष्मा काढायचात, तेच मराठीत सांगायचात आणि चष्मा परत लावायचात. चष्म्याच्या त्या चढउतारात आमचं वर्ष गेलं.

त्या पुस्तकात पान ४१२ नंतर एकदम ४३९ येतं, हे मला माहीत आहे. मधले तेरा कागद, म्हणजे यादवी युद्धाचं प्रकरण, मार्च १९८९ मध्ये कुणीतरी फाडलं. पुस्तक आमच्या वर्गातल्या दर्शनाच्या ग्रंथालयाच्या कार्डावर होतं, म्हणून तुम्ही तिला काउंटरपुढे उभं केलंत, आणि पुढे एम. ए. च्या शिफारसपत्रावर सही केली नाहीत. हे सगळ्या वर्गाला माहीत आहे.

तर सर, ती पानं माझ्याकडे आहेत. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आलो होतो, तेव्हा रत्नागिरीला एका रद्दीवाल्याकडे सापडली. मी लगेच ओळखली. समासात तुमच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत.

मी ती इथे घेऊन आलो आणि आता जवळजवळ पाठ झाली आहेत. अडचण एवढीच की ४३८ व्या पानावर शेवटचं वाक्य अर्धं राहतं. तुमच्या पद्धतीने मराठीत सांगतो: "दक्षिणेचा सैनिक पायी घरी निघाला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की त्याने जे गमावलं होतं ते रणांगणावर नव्हे, तर..." आणि पान संपतं. पुढचं तुमच्याकडे आहे. ४३९ वरची पहिली ओळ लिहून पाठवाल का? पानं परत कशी करायची तेही कळवा. पोस्टावर माझा भरवसा नाही.

आपला विद्यार्थी,
नागेश

*

रास अल खैमा
२० एप्रिल १९९७

आदरणीय सर,

तुमचं कार्ड मिळालं. घरचं सोडून दुसऱ्या कुणी लिहिलेलं हे मला इथे आलेलं पहिलं पत्र. फोरमनने माझं नाव पुकारलं तेव्हा घरी कुणीतरी गेलं असणार असंच वाटलं. तुमचं अक्षर बघितलं आणि गोण्यांवर बसून राहिलो.

तुम्ही लिहिता, "पाने सांभाळा. दर्शनाने ती रद्दीत विकली, हे कळून फार वाईट वाटले. फाडली असतील इतकेच समजत होतो." पुढच्या ओळीचं काही लिहिलं नाहीत. विसरला असाल.

सर, त्या रद्दीवाल्याचं मी बोललो खरं, पण त्याच्याकडे पानं कुठून आली हे मला माहीत नाही. रद्दी दहा हातांतून येते. तेव्हा त्यावरून फार काही ठरवू नये असं मला वाटतं. बाकी ठीक.

इथली गंमत सांगतो. मागच्या महिन्यात पावसात दोनशे गोण्या भिजल्या. हो, इथेही वर्षातून चार वेळा पाऊस पडतो आणि त्या वेळी छप्पर नसतं. रिपोर्ट कुणी लिहायचा यावर तंटा. मी म्हटलं, मी लिहितो. मला येणारं सगळं इंग्रजी त्या सव्वीस पानांतलं, त्यामुळे रिपोर्टही तसाच झाला. 'हिदरटू' दोनदा, 'नेव्हरदलेस' तीनदा, आणि गोण्यांनी 'शौर्याने प्रतिकार केला' अशा अर्थाचं एक वाक्य. सुपरवायझरने वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "अरे भाई, ये नेव्हरदलेस कौन है? सीमेंट भीगा, खलास! इतना लिखो." पण तो कागद त्याने वर ऑफिसात पाठवला, आणि आता मला गोण्या चढवायच्या नसतात, मोजून लिहायच्या असतात. हातांना फोड येत नाहीत. हे त्या दोन म्हाताऱ्यांचे उपकार, आणि तुमचे.

खालच्या बंकवर वली असतो. पेशावरकडचा, ट्रक चालवतो, पन्नाशीचा, शाळा पाहिलेली नाही. संध्याकाळी जेवण झाल्यावर म्हणतो, "चल नागेश, लडाई सुना." मी तुमच्यासारखं करतो. एक वाक्य इंग्रजी, मग हिंदी. चष्मा नाही म्हणून टोपी काढतो. वलीला सगळे सेनापती तोंडपाठ आहेत. शेवटच्या पानावर आलो की तो दर वेळी उठून बसतो. "जंग में नहीं, तो कहां खोया?" मी म्हणतो, आगे का पन्ना नहीं है. तो म्हणतो, "ये कैसा किताब है, यार!" आणि भिंतीकडे तोंड करून झोपतो.

दर्शना हल्ली काय करते? सहज विचारतो.

नागेश

*

हमरिया, शारजा
१३ नोव्हेंबर १९९८

सर,

आता इथे नोकरी आहे. फ्री झोनमध्ये स्टील फॅब्रिकेशनची कंपनी, मी स्टोअरकीपर. मॅनेजर सुजीतसाहेब पुण्याचे आहेत, त्यांनी इंटरव्ह्यूत विचारलं, "इंग्लिश कुठे शिकलात?" मी म्हटलं, अमेरिकेच्या यादवी युद्धात. हसले आणि घेतलं. नट, बोल्ट, वेल्डिंगच्या कांड्या, हातमोजे, सगळं माझ्या रजिस्टरातून जातं. वलीलाही इथेच ट्रकवर लावून घेतलं. पण हे सांगायला लिहीत नाही.

आईचं पत्र आलं. ती लिहिते, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात साटविलकर सरांनी भाषणात एक गोष्ट सांगितली. अशी एक हुशार मुलगी होती जिने ग्रंथालयाच्या पुस्तकाची पानं फाडून रद्दीत विकली. सरांनी नाव घेतलं नाही. पण गाव केवढं, सर? दर्शनाचा पुतण्या समोर बसला होता. दर्शना आमच्याच वाडीत बालवाडी चालवते, हे मला आधीही ठाऊक होतं; तुम्हाला विचारलं ते नुसतं तिचा विषय निघावा म्हणून. आई लिहिते, दोन दिवस बालवाडी बंद होती, मुलं पाटी घेऊन येऊन परत गेली. आईला यातलं काही ठाऊक नाही. तिने आपली गावाकडची बातमी म्हणून लिहिलं, सुपारीचा भाव आणि गाय व्याल्याच्या मधोमध.

रद्दीवाला कुणी नव्हता, सर. पानं मी फाडली.

माझं कार्ड बंद होतं. एक कादंबरी चार महिने ठेवली म्हणून. परीक्षेला पाच दिवस राहिले होते आणि सगळे म्हणत होते, यादवी युद्ध येणारच, वीस मार्कांना. मी दर्शनाला म्हटलं, तुझ्या कार्डावर एका दिवसासाठी काढून दे. ती म्हणाली, "उद्या दहाच्या आत दे हं, माझंही वाचून व्हायचंय." बाजारपेठेत झेरॉक्सचं दुकान एकच, दुकानदाराच्या मुलीचं लग्न, चार दिवस बंद. हाताने उतरवायला बसलो, सातव्या ओळीवर हात दुखायला लागला. इंग्रजी उतरवायचं म्हणजे मला चित्र काढल्यासारखंच होतं. मग दाढीच्या ब्लेडने बाइंडिंगच्या कडेने कापली. नीट कापली, सर. परीक्षा झाली की खळ लावून परत चिकटवायची, कुणाला कळणारही नाही, असा माझा बेत होता. खळीसाठी मैदासुद्धा आणून ठेवला होता.

सकाळी पुस्तक दर्शनाच्या हातात दिलं. तिने उघडून बघितलं नाही, माझ्यावर विश्वास होता म्हणून. मुदत वाढवून घ्यायला ती काउंटरवर गेली आणि तिथे नेमके तुम्ही उभे होतात. तुम्ही काहीतरी शोधायला ते चाळलंत.

अर्धा तास ती तिथे उभी होती. मी सहा पावलांवर, वर्तमानपत्राच्या स्टँडपाशी. तुम्ही तिला पाच वेळा विचारलंत आणि ती पाचही वेळा एवढंच म्हणाली, "मी फाडली नाहीत." माझं नाव तिने घेतलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी बोलेन म्हणून थांबली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी वर्तमानपत्र वाचत राहिलो. त्या दिवशी भाताच्या बियाण्यांची जाहिरात होती. ती आजही मला शब्दन्‌शब्द पाठ आहे.

पेपरला यादवी युद्ध आलंच नाही. मंदीवर प्रश्न आला.

नंतर पानं परत करायची म्हणजे तोंड उघडायचं, म्हणून ती ट्रंकेच्या तळाशी गेली आणि ट्रंकेबरोबर इथे आली. दोन-दोन वर्षांनी सुट्टीवर येतो तेव्हा एसटी कॉलेजच्या फाट्यावर थांबते, आणि मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघत बसतो.

आता तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा. पण ज्या माईकवर ती गोष्ट सांगितलीत, त्याच माईकवर ही सांगा. नाही जमलं तर निदान दर्शनाला सांगा. मीच तिला लिहायला हवं. चारदा लिहिलं, चारही कागद इथे ट्रंकेत आहेत.

नागेश गुरव

*

हमरिया
४ फेब्रुवारी २०००

सर,

सव्वा वर्ष झालं, तुमचं उत्तर नाही. रागावला असाल तर हक्क आहे. पत्र पोचलंच नसेल असं मधूनमधून मनाला सांगतो. शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा हे सांगायला भरपूर वेळ मिळतो. शुक्रवारी कॅम्पमध्ये सगळे कपडे धुतात आणि घरी फोन करायला रांगेत उभे राहतात. माझी पाच मिनिटं होतात, आई तीन मिनिटं ऐकू येत नाही म्हणते. मग दिवस उरतोच.

एक सांगायचंय. सुजीतसाहेबांची मुलगी इरा इथे अमेरिकन शाळेत जाते. मी त्या पुस्तकाच्या मागे आहे हे साहेबांना माहीत. त्यांनी मला शारजात घरी जेवायला बोलावलं. आठ वर्षांत इथे पहिल्यांदाच कुणाच्या घरात, खुर्चीवर बसून वरण-भात जेवलो. वहिनींनी तूप वाढताना "बास का?" विचारलं, तेव्हा मी ताट आणखी पुढे सरकवलं. मग इराने तिचं मागच्या वर्षीचं इतिहासाचं पुस्तक आणून दिलं, घेऊन जा म्हणाली. त्याच दोघांचं, सर! निळ्या पुस्तकाचीच पुढची आवृत्ती. दोघे बहुधा गेले असतील, आता आणखी तिघांची नावं जोडलीत. वजनाला पाच किलो, गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत चित्रं.

मी तिथेच उघडलं आणि यादवी युद्ध काढलं. माझं वाक्य नाही. सैनिक पायी घरी निघतच नाही. त्या जागी एक तक्ता आहे.

पण खोटं बोलणार नाही, पुस्तक चांगलं आहे. आपल्या सव्वीस पानांत नावानिशी माणसं मी मोजलीत: चौतीस. चाळीस लाख माणसं गुलाम होती, त्यांतली नावानिशी दोन. नव्या पुस्तकात गुलामांची, काळ्या सैनिकांची, बायकांची पत्रं छापली आहेत. एका काळ्या सैनिकाने बायकोला लिहिलंय, ते मी तीनदा वाचलं. हे त्या म्हाताऱ्यांनी सांगायला हवं होतं. सेनापतीच्या घोड्याचा रंगसुद्धा त्यांनी सांगितला, मग याला काय झालं होतं?

तरी रात्रीच्या जेवणानंतर वलीला नवं वाचून दाखवायला बसलो आणि जमेना. एक चौकट, एक चित्र, एक प्रश्न, पुन्हा चौकट. सगळे आहेत, पण कुणी कुणाला काही सांगत नाही. वली म्हणाला, "वो पुराना वाला लाओ, इसमें कोई बोलता नहीं." तुम्ही वर्गात म्हणायचात ते तेव्हा मला कळलं. "हे पुस्तक सगळं सांगत नाही. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका आवाजात सांगायचं धाडस करतं. म्हणून तर त्यात काय राहिलं त्याच्यावर बोट ठेवता येतं." चौतीसात दोन, हे मी मोजू शकलो ते त्यामुळेच. दोन्ही पुस्तकं हवीत, सर. आधी निळं, मग हे.

इरा मात्र म्हणाली, "बट अंकल, धिस इज द न्यू वन. व्हाय डू यू वाँट द ओल्ड वन?" मी म्हटलं, त्यातली सव्वीस पानं माझ्याकडे आहेत. ती म्हणाली, "सो जस्ट गिव्ह देम बॅक!" चौदा वर्षांची आहे.

मला ओळ नको, सर. दर्शनाला सांगितलंत का, एवढंच कळवा.

नागेश

*

हमरिया
१९ ऑक्टोबर २००१

सर,

उत्तराची वाट बघणं मी सोडलंय असं लिहिणार होतो, पण मग हे कशाला लिहितोय?

मेसमधला टीव्ही महिनाभर बंद झालेला नाही. सगळीकडे अमेरिका. लोक मला विचारतात, "तू तो अमरीका का किताब पढ़ता है, बोल, अब क्या करेगा वो?" मी म्हणतो, माझ्याकडची अमेरिका १८६५ ला संपते, आणि तीही अर्ध्या वाक्यात.

वली गेला. गेल्या मंगळवारी. त्याच्या मुलखाकडे लढाई सुरू झाली, घरून निरोप आला, त्याने हिशेब घेतला आणि तिकीट काढलं. कपाट रिकामं करताना मला म्हणाला, "आगे का पन्ना मिले तो खत लिखना." मी म्हटलं, तुला वाचता कुठे येतं? म्हणाला, "पोती पढ़ती है, इन्शाल्ला." पोती म्हणजे नात. त्याचा पत्ता त्याने बोलून दाखवला, मी लिहून घेतला. अर्ध्या पानाचा पत्ता आहे, त्यात एक ओढा आणि एक मशीद येते.

त्याची जागा कंपनीने अजून कुणाला दिलेली नाही. खालचा बंक मोकळा आहे. काल जेवण झाल्यावर मी सवयीने पानं काढली, टोपी काढली आणि पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. मग पानं परत ठेवली. मला फार एकटं वाटतं, सर. चार वर्षं त्याला लढाई वाचून दाखवली आणि एकदाही त्याला सांगितलं नाही की पानं फाडलेली आहेत, आणि कुणी. तो जाईपर्यंत समजत होता की पुस्तकच असं निघालं.

नागेश

*

हमरिया
११ एप्रिल २००३

दर्शना,

तू लिहावं की तुम्ही, यातच एक कागद गेला. कॉलेजात तू म्हणायचो, तेच लिहितो. चुकलं तर सांग.

तुझं पत्र परवा आलं. स्टोअरच्या पत्त्यावर, नट-बोल्टांच्या चलनांमध्ये. पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि गोडाऊनच्या मागे जाऊन उघडलं. तू लिहिलंयस ते इथे पुन्हा लिहितो, म्हणजे मी नीट वाचलं हे तुला कळेल.

सर निवृत्त झाले. नव्या ग्रंथपालाने जुनी पुस्तकं काढायला घेतली आणि 'अपूर्ण' म्हणून निळं पुस्तक यादीत सर्वांत वर आलं. तीस एप्रिलला रद्दीत जाणार. सरांनी ते एक दिवसासाठी मागून घेतलं आणि तुझ्या बालवाडीत आले. मुलांच्या चटईवर बसले. अर्धा तास मुलं त्यांच्या काठीशी खेळत होती. मग त्यांनी पुस्तक तुझ्यापुढे उघडलं. ४१२ आणि ४३९ च्या मधे माझी पाचही पत्रं होती. जिथली पानं गेली होती तिथेच त्यांनी ती ठेवली होती. तू वाचलीस. ते म्हणाले, "मला तुझ्याकडे यायची लाज वाटली." एवढंच, आणि रडले.

तू लिहितेस, "तुला बोलायला साडेनऊ वर्षं लागली, त्यांना साडेचार. मी चौदा वर्षं पोरांना अ आ ई शिकवते आहे. मला ते आवडतं, पण ते मी निवडलेलं नव्हतं. तुझी सगळी पत्रं सरांना आहेत. मला एकही नाही."

खरं आहे. 

आणि तू लिहितेस, "पान ४३९ वरची ओळ मी वाचली. साधी आहे. तुला पाठवणार नाही. पानं पोस्टाने पाठवू नकोस, मी घेणार नाही. मी जिथे उभी होते तिथे येऊन उभा राहा आणि दे."

मी येतो. सुजीतसाहेबांकडे रजा मागितली, त्यांनी विचारलं, घरी कुणी आजारी आहे का? मी सगळं सांगितलं. मोठ्याने सांगितलेलं हे पहिलंच. त्यांनी फॉर्मवर सही केली आणि म्हणाले, "यल्ला, चल, जा." पंचवीस तारखेचं विमान आहे, सव्वीसला शनिवार, ग्रंथालय बारापर्यंत उघडं असतं. फाट्यावर उतरेन. आईलाही कळवलंय, म्हणजे आता मागे फिरायला जागा नाही.

पानं बॅगेत ठेवणार नाही, बॅगा हरवतात. शर्टाच्या आत, प्लास्टिकच्या पिशवीत. चिकटवायचं काम तू ठरवशील त्याने करावं. माझ्या हाताने नको.

ओळ मी विचारणार नाही. तू कधी सांगितलीस तर ऐकेन, आणि वलीला कळवेन, तो पत्ता अजून चालत असला तर. नाही सांगितलीस तर त्याला लिहेन की पुस्तक पुरं होतं, फाडणारा त्याच्या वरच्या बंकवर झोपत होता.

एक गोष्ट मात्र तुझ्याकडे मागतो. ग्रंथालयाच्या रजिस्टरात तुझ्या नावापुढे लाल शाईने 'पाने फाडली' असा शेरा आहे. सरांनी लिहिताना मी सहा पावलांवरून बघितला होता. ते १९८९ चं रजिस्टर काढून ठेवायला सांग. मी पाच वर्षं रजिस्टरंच लिहितोय, त्यातलं मला कळतं. चुकीची नोंद खोडरबराने घालवायची नसते, तो कागद फाडायचा तर नसतोच. तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. मग शेजारी खरं काय ते लिहायचं, ज्याने चूक केली त्याचं पूर्ण नाव, तारीख आणि सही.

पेन मी घेऊन येतो.

नागेश